छापीवरचा डाग

लग्न होऊन मी तापीकाठच्या त्या गावात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या आठवड्यातच कामं नेमून दिली. त्यातलं एक मी माहेरी कधी केलेलं नव्हतं. सासऱ्यांच्या चिलमीची छापी धुणं. माझं माहेर नंदुरबारचं. वडील तपकीर ओढायचे, तेवढंच. चिलीम आमच्या घरात कोणी बघितली नव्हती. त्यामुळे छापी म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावं लागलं. चिलमीच्या खालच्या निमुळत्या तोंडाला ओल्या फडक्याची घडी गुंडाळतात, ती छापी. तिच्यातून ओढला की धूर गार होऊन येतो, आणि तंबाखूची राख, चिकटा, काळपट पाणी फडक्यातच अडकतं. चिलमीच्या पोटात एक खडाही असतो, जळती तंबाखू खाली घसरू नये म्हणून. खडा आबा स्वतः निवडायचे, नदीच्या पात्रातून. छापी मात्र घरातल्या बाईकडे.

आबा म्हणजे माझे सासरे. उंच, हाडापेराने मोठे, बोलायला कमी. कापूस, मिरची आणि विहिरीच्या पाण्यावर थोडी केळी असा त्यांचा पसारा होता. आमचे लोक मूळचे गुजरातकडचे, त्यामुळे घरातली बोली अहिराणी असली तरी तिच्यात गुजराती शब्द पुष्कळ. नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता. आम्ही स्वतःला पश्चिम खानदेशातले म्हणायचो. आणि आमच्यात सुनेनं सासऱ्याशी बोलायची पद्धत नव्हती. त्यांच्यासमोर पदर नाकापर्यंत ओढून घ्यायचा, ओटीवर ते असले तर मागच्या दारानं जायचं. त्यांना मला काही सांगायचं झालं तर ते सासूबाईंना सांगत, "तिले सांग." मी चार हातांवर उभी असले तरी.

पण छापीमुळे आमचं बोलणं व्हायचं, असं मला वाटतं. ओटीच्या खांबाला एक खुंटी होती. वापरलेली छापी ते खुंटीवर टांगत, मी ती नेई, राखेनं चोळून धुई, आणि दुसरी भिजवून पिळून तिथंच ठेवी. पिळण्यातच सगळं होतं. छापी जास्त ओली राहिली तर चिलीम गुरगुरते, तंबाखू भिजते आणि विझते. कोरडी राहिली तर घसा भाजतो. सुरुवातीला माझ्या छाप्या फार ओल्या असायच्या. मग आतल्या खोलीत मला ऐकू यायचं, आबा ओटीच्या कडेला छापी पुन्हा पिळतायत, दगडावर थेंब पडतायत. दुसऱ्या दिवशी मी जास्त पिळायची. हळूहळू थेंबांचा आवाज बंद झाला. सासूबाई एकदा हसून म्हणाल्या, "आते तुन्हा हात बसना." उन्हाळ्यात वारा सगळं कोरडं करून टाकायचा, तेव्हा तंबाखूच्या डब्यात केळीच्या पानाचा तुकडा ठेवायचा, हेही मी तिथंच शिकले. पावसाळ्यात तोच डबा चुलीजवळ सरकवायचा.

अशी काही वर्षं गेली. माझे मालक नंदुरबारला कापसाच्या एका जिनिंगमध्ये कारकून होते. आठवडाभर तिकडे, शनिवारी संध्याकाळी नावेनं तापी उतरून घरी.

गुजरात वेगळा होऊन महाराष्ट्र झाला, त्याच सुमारास एका मिरचीच्या हंगामात मला तो डाग पहिल्यांदा दिसला.

मिरचीचा हंगाम ज्यानं बघितला नाही त्याला सांगून कळणार नाही. खळ्यावर, अंगणात, घरांच्या धाब्यांवर सगळीकडे लाल पथारी. वाऱ्याबरोबर तिखट उडतं, डोळे चुरचुरतात, आणि गावातलं प्रत्येक माणूस खोकतं. कुत्रीसुद्धा शिंकतात. त्यामुळे आबा खोकायला लागले तेव्हा कोणाला काही वाटलं नाही. मलाही नाही. मी नेहमीसारखी छापी राखेत घोळवली, आणि तंबाखूच्या तपकिरी डागात मला लालसर काहीतरी दिसलं. नखाएवढं.

मी ते सासूबाईंना दाखवलं. त्या मिरच्यांची देठं खुडत होत्या.

"माय, हाई काय शे?"

त्यांनी फडकं हातात घेतलं, उजेडाकडे धरलं. मग खाली ठेवलं.

"मिरचीना डाग शे. हात लागना व्हई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मिरचीचा डाग केशरी असतो, तेलकट असतो, आणि उन्हात टाकला की उडून जातो. हा डाग कडेला तपकिरी झालेला, आणि वाळल्यावर तिथलं फडकं कडक झालेलं. रक्ताचा डाग ओळखायला बाईला कोणी शिकवावं लागत नाही. मला ओळखता आला तर त्यांनाही आलाच असणार. त्या पुढची मिरची उचलून देठ खुडू लागल्या, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, ती डागाची नाही, त्यांच्या न बघण्याची.

त्यानंतर काही दिवस मी प्रत्येक छापी उजेडात धरून बघायची. कधी काही नसायचं. कधी असायचं. मग एक दिवस खुंटी रिकामीच दिसली. दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, आबांनी चिलीम सोडली. पण संध्याकाळी ओटीवरून तोच धूर, तोच वास. आमच्या शेतावर काम करणारी एक बाई होती, तिनं सहज बोलता बोलता सांगितलं, "म्हातारबा आते सोता फडकं धुतस, इहिरवर." दुसऱ्या दिवशी भाकरी घेऊन शेतात गेले तेव्हा विहिरीजवळच्या काटेरी कुंपणावर ती फडकी वाळत घातलेली होती. माझ्या हातच्या छाप्या पांढऱ्या निघायच्या. या धुतलेल्या होत्या, पण पांढऱ्या नव्हत्या.

शनिवारी मालक आले. जेवणं झाल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चिलमीचं तोंड खरबरीत झालं असेल. ओठ घासत असेल. मी बघतो काय करायचं ते."

"डॉक्टरला दाखवा ना."

"आबा डॉक्टरकडे जातील असं तुला वाटतं?"

मला वाटत नव्हतं.

त्यांना त्या आठवड्यात जिनिंगच्या कामानं सुरतेला जायचं होतं. तिथून ते आबांसाठी विलायती पाईप घेऊन आले. गडद लाकडाची लहानशी वाटी, काळी वाकडी दांडी. ओटीवर शेजारचे चारपाच जण जमले. मालकांनी दांडी ओढून वेगळी केली आणि आतली बारीक ॲल्युमिनियमची नळी काढून दाखवली. नळीत कागदाची पुंगळी होती.

"आबा, ही गाळणी. तंबाखूचं जे काही विष असतं ना, ते सगळं हिच्यात थांबतं. पाणीसुद्धा इथंच अडकतं. तोंडात नुसता धूर येतो, स्वच्छ. कागद काळा झाला की टाकायचा, दुसरा घालायचा. शहरात शिकलेले लोक आता हेच ओढतात."

आबांनी पाईप हातात फिरवून बघितला. "आनं छापी?"

"छापीची गरजच नाही."

मी दाराआडून बघत होते. छापीची गरज नाही म्हटल्यावर आबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. ते सुटल्यासारखे दिसले.

घरात सगळ्यांना बरं वाटलं. पाईप सुरुवातीला गुरगुरायचा. आबा तो उलटा करून झटकायचे, मग त्यांना सवय झाली. सावकाश ओढलं तर पाणी कमी साचतं, सलग दोनदा भरला तर लाकूड ओलं राहून कडू लागतं, हे त्यांनी आपलं आपण शोधून काढलं. सुरतेची डब्यातली तंबाखू त्यांना आवडली नाही; आपलीच भरायचे. पाईप साफ करायचं काम पुन्हा माझ्याकडे आलं. खराट्याच्या काडीला घरचा कापूस गुंडाळायचा, दांडीतून फिरवायचा, नळी गरम पाण्यात टाकायची, आणि सगळं सावलीत उघडं ठेवायचं. मालक दर शनिवारी काळा कागद काढून मला दाखवायचे. "बघ, एवढी घाण आबांच्या पोटात गेली असती." त्यांचा त्या कागदावर फार विश्वास बसला होता. मीसुद्धा ठेवायचा प्रयत्न केला. खोकला थोडा कमी झाल्यासारखा वाटत होता.

पण घरात दुसऱ्या गोष्टी बदलत होत्या, आणि त्यांच्याविषयी कोणी बोलत नव्हतं.

आबांनी ठेचा खाणं सोडलं. आमच्या घरी कच्ची हिरवी मिरची भाकरीबरोबर कडाकडा चावणारा तो माणूस. आधी त्यांनी ठेचा ताटाच्या कडेला सरकवला, मग वाढू नको म्हणाले, मग भाजीही पाण्यात बुडवून खाऊ लागले. भाकरी दुधात कुस्करून हवी म्हणाले. जेवायला बसले की एकाच बाजूनं चावायचे, आणि पाणी पिताना मान तिरकी करायचे. उजवा कान दुखतो म्हणून सासूबाई लसणीचं तेल कोमट करून कानात घालायच्या. तेल घालून झालं की त्या कापसाचा बोळा कानात बसवून तिथंच क्षणभर हात ठेवून उभ्या राहायच्या. ओटीवर आबांच्या जवळून गेलं की तंबाखूच्या वासाखाली दुसरा एक वास यायचा. उन्हाळ्यात घरात कुठं काही मेलंय का म्हणून आपण शोधतो, तसा. सगळ्यांना तो येत होता. माजघर झाडताना सासूबाई ऊद घालायला लागल्या. एरवी आमच्याकडे ऊद फक्त सणाला असायचा.

आणि एका शनिवारी, मालक यायच्या आधी, दुपारी मी पाईप साफ करायला घेतला. नळी काढली. कागदाची पुंगळी नेहमी काळपट तपकिरी, चिकट असायची. त्या दिवशी तिचं तोंडाकडचं टोक लाल होतं. भिजलेलं होतं. मी ती नळी तशीच पानात गुंडाळून ठेवली, आणि मालक आल्यावर त्यांच्यासमोर उघडली.

ते बघताच म्हणाले, "दात लागला असेल दांडीला."

"कुठला दात लागला?" मी म्हटलं. "हे वाटीकडचं टोक बघा, ते काळं आहे. हे तोंडाकडचं. तुमची गाळणी आत जाणारं अडवते. हे आत जाणारं नाही. हे बाहेर येणारं आहे."

त्यांनी पान मिटलं. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"मिरचीचा माल एकदा बाजाराला जाऊ दे," ते म्हणाले. "मग बोलतो मी."

"तोवर थांबायचं?"

"माझ्यानं विचारवणार नाही गं त्यांना. कसं विचारू? काय म्हणू?"

तेव्हा मला कळलं की घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि प्रत्येकजण दुसऱ्यानं बोलायची वाट बघत होता. मी ज्या माणसाशी आजवर एक शब्द बोलले नव्हते, त्याच्याशी बोलायला आता मीच उरले होते.

सकाळी आबा ओटीवर बसले होते. शेजारी त्यांचे धाकटे भाऊ, आणि गावातले एक म्हातारे गृहस्थ. मी पुढच्या दारानं बाहेर आले. पदर होता, नाकापर्यंत, पण मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. बोलणं थांबलं.

"आबा," मी म्हटलं. "तुमना तोंडमा काय शे ते माले देखू द्या."

आबांच्या भावाची मान खाली गेली. त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी काठी उचलली आणि पायऱ्या उतरून गेले. आबा माझ्याकडे, म्हणजे माझ्या पदराकडे, बघत राहिले. मग उठले, पायताण घातलं आणि शेताकडे चालू लागले. त्यांचे भाऊ मागोमाग गेले.

सासूबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता हात उगारतील. त्या म्हणाल्या, "आते ते जेवालेबी येवाव नही," आणि आत गेल्या. त्या दिवशी घरात चूल पेटली, पण कोणी जेवलं नाही. मालक नुसते अंगणात फेऱ्या घालत होते. मला माहेरी पाठवतील का, हा विचार माझ्या मनात येऊन गेला, नाही असं नाही. दुपारी विहिरीकडून मोटेचा आवाज येत होता तो मधेच थांबला. मालक थबकले. सासूबाई आतून बाहेर आल्या. आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता त्या दिशेला कान लावून उभे होतो. त्यांच्या मनात काय आलं ते मला माहीत होतं, कारण माझ्या मनात तेच आलं होतं. कुणाचे पाय हलले नाहीत. मोट पुन्हा सुरू झाली तेव्हाच सासूबाई आत वळल्या.

दिवस मावळायच्या आधी आबा परत आले. ओटीवर न बसता सरळ मागच्या परसात गेले, आणि तिथल्या दगडावर पश्चिमेकडे तोंड करून बसले. मग त्यांनी हाक मारली. सासूबाईंना नव्हे.

"पोरी, अठे ये."

मी गेले. त्यांनी उन्हाकडे तोंड उघडलं. वास आला, मी श्वास रोखला. जिभेच्या उजव्या कडेला, मागं, खड्डा पडला होता. कडा पांढऱ्या, उचललेल्या, मधलं मांस कच्चं. बोटाच्या पेरापेक्षा मोठा. नीट दिसावं म्हणून मी पदर मागं सारला होता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"काय दिसनं?"

"जखम शे आबा. मोठी शे."

त्यांनी तोंड मिटलं. "माले माहीत व्हतं."

"मग सांगं काबरं नही?"

कमरेच्या कडोसरीला खोचलेला पाईप त्यांनी काढला आणि मांडीवर ठेवला. "सांगतू तं तुम्ही हाईबी लई लेतात."

आम्ही पाईपही काढून घेऊ, एवढंच कारण होतं. मी दुसरं काहीतरी मोठं कारण ऐकायच्या तयारीत होते.

दुसऱ्याच दिवशी नावेनं तापी उतरून आम्ही त्यांना नंदुरबारला नेलं. मीही गेले; आबांनीच म्हटलं, "तिले संगे ल्या." डॉक्टरांनी आरशाच्या उजेडात बघितलं, मानेखाली बोटं दाबून बघितली, एका गाठीवर त्यांची बोटं थांबली. मालकांनी न विचारता पाईप पुढे केला, दांडी वेगळी करून गाळणी दाखवली, कागद कसा बदलतात ते सांगू लागले. डॉक्टरांनी त्यांना पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "हे आधीचं आहे. पाईपच्या फार आधीचं. मुंबईला न्या, आणि थांबू नका."

मालक पाईप तसाच दोन तुकड्यांत हातात धरून बाहेर आले. जोडायचं त्यांना सुचलं नाही.

मुंबईला जिभेचा भाग कापला, मग यंत्राचे शेक दिले. आबा परत आले तेव्हा त्यांचा गळा भाजल्यासारखा काळा पडला होता आणि त्यांचं बोलणं कोणालाच कळत नव्हतं. तोंड सतत कोरडं पडायचं. जवळ पाण्याचा तांब्या ठेवून ते कापसाच्या बोळ्यानं ओठ भिजवत बसायचे. त्यांना काय हवं ते बहुतेक वेळा मला आधी समजे, आणि मी ते इतरांना सांगे. आता घरात कोणी मला पदर ओढ म्हणत नव्हतं. चिलीम, पाईप, काहीच त्यांनी पुन्हा मागितलं नाही. कोणी ओटीवर बिडी पेटवली की मात्र ते त्या धुराकडे बघत राहायचे.

पुढच्या कापसाच्या वेचणीत मानेतली गाठ पुन्हा वर आली. या वेळी मुंबईचं नाव त्यांनी हातानंच उडवून लावलं. थंडी सरता सरता एका दुपारी, बाकीचे शेतात असताना, ते गेले. सासूबाई आणि मी जवळ होतो.

तेरावं झाल्यावर एका दुपारी मी परसात धुणं वाळत घालत होते. सासूबाई आल्या. त्या दातांना तंबाखूची मशेरी लावायच्या, सकाळ-संध्याकाळ, लहानपणापासून. त्या उन्हाकडे तोंड करून माझ्यासमोर बसल्या आणि त्यांनी आ केला. मी नीट बघितलं, गालाच्या आतून, जिभेखाली. काही नव्हतं.

"काही नही माय."

"बराबर देख."

मी पुन्हा बघितलं. "खरंच काही नही."

त्या तरीही थोडा वेळ तशाच तोंड उघडून बसून राहिल्या.

त्यांनी ही गोष्ट गल्लीत कोणाला तरी सांगितली असावी. कारण नंतर दुपारच्या वेळी एकेक बाई परसात यायला लागली. काहीतरी निमित्त काढायच्या, विरजण हवंय, सूप हवंय. मग इकडचं तिकडचं बोलून म्हणायच्या, जरा बघतेस का गं. मी काही डॉक्टर नव्हते, तसं सांगायची. तरी बघायची. बहुतेकींच्या तोंडात काळे दात आणि मशेरीचे थर, याखेरीज काही नसायचं, आणि त्या हसत निघून जायच्या.

एक दिवस आमच्या शेतावर काम करणारी तीच बाई आली, विहिरीवरच्या फडक्यांचं सांगणारी. तिनं कसलं निमित्त काढलं नाही. ती बसली, तिनं पदराखालून हात काढून गाल धरला, आणि म्हणाली, "माले मिरची लागस, बाई. तीन महिना व्हयनात." मी तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलं.